बोटीच्या कानातले बोळे

माझ्या दादाला कुणी काहीही विचारलं तरी तो "हो हो" म्हणायचा. बोटींच्या यार्डात त्यामुळे त्याचं नावच होहो पडलं होतं. लोकांना वाटायचं, माणूस गरीब आहे, कुणाचं मन मोडत नाही. गरीब कसला डोंबलाचा! लहानपणी माझी वेणी खुर्चीच्या पाठीला बांधून शाळेत पळून जाणारा हा माणूस. त्याला ऐकू येत नव्हतं एवढंच खरं होतं, आणि ते घरात वहिनीला आणि यार्डात मला, अशा दोघींनाच ठाऊक होतं.

ठार बहिरा नव्हता तो. आवाज यायचा, पण त्यातले शब्द यायचे नाहीत. लोखंडी बोटींच्या बुडाखाली उताणं पडून ग्राइंडरने गंज काढण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. कानात बोळे घाल म्हटलं तर म्हणायचा, कान खाजतात. गंज निघाला आणि त्याच्याबरोबर कानही गेले. पुढे रंगाचं काम हाती आलं, ते शांततेचं होतं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. घरी टीव्ही इतका मोठ्याने लागायचा की शेजारी आपापल्या घरी बसून आमच्या बातम्या ऐकत. वहिनी काही बोलली की हा म्हणणार, तुम्ही सगळेच हल्ली पुटपुटता. सगळं जग पुटपुटायला लागलं होतं, हा एकटा तेवढा ठणठणीत.

समोरच्याच्या ओठांकडे बघून त्याचं बरंच भागायचं. मिशीवाल्यांशी मात्र त्याचं कधी जमलं नाही, आणि त्याचं कारण बिचाऱ्या मिशीवाल्यांना कधी कळलं नाही. कुणी पाठमोरं बोललं तर कारभारच आटोपला. तिथे "हो हो" कामाला यायचं. माणसं बहुतेक प्रश्न "हो" ऐकण्यासाठीच विचारतात, हे त्याने ओळखलं होतं. जिथे हो म्हणून चालणार नाही तिथे मी होते. आमची शेड एकच होती. तो खिडकीपाशी रंगवायचा, मी दुसऱ्या कोपऱ्यात मशीनवर शिडं आणि ताडपत्र्या शिवायची. मुकादम दारात दिसला की मी माझी लाकडी पट्टी टेबलावर आपटायची. ती धडक त्याला जमिनीतून पायाला कळायची आणि तो मान वर करायचा. मुकादमाला वाटायचं, बाई तापट आहे. तेही काही खोटं नव्हतं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर यार्डाचा एक नियम होता. क्रेनने बोट उचलतात तेव्हा खाली माणसं असतात, आणि "हटा" अशी आरोळी आली की हटायचं असतं. ज्याला आरोळी ऐकू येत नाही त्याला यार्डात जागा नाही. नियम वाईट नव्हता. आमच्यासमोर एकाचा पाय कायमचा गेला होता, आणि त्याला तर चांगलं ऐकू येत होतं. पण यार्डाबाहेर दादाचं काय झालं असतं ते मला बघायचं नव्हतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तो घरात जेवण होईपर्यंत कसाबसा टिकायचा आणि मग काहीतरी विसरल्याचं निमित्त काढून यार्डात यायचा. कानाचं मशीन लाव म्हटलं तर म्हणाला, ते लावून फाटकातून आत जाणं म्हणजे राजीनामा कानाला अडकवून जाणं. बरोबरच होतं त्याचं. म्हणून आम्ही दोघं बहीणभाऊ मिळून सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकत राहिलो आणि मी अधूनमधून त्याच्यावर चिडत राहिले.

यार्डात एका मास्तरांची जुनी शिडाची बोट होती. शाळेतून निवृत्त झालेले, अंगाने आडवे, आणि मिशा अशा की वरचा ओठ कुणी पाहिलाच नव्हता. मास्तरीणबाई बारीक, चटपटीत, हातात सदा फडकं. बोट आमच्या संसाराइतकीच जुनी आहे, असं मास्तर सांगायचे. त्यावर बाई म्हणायच्या, संसाराला डागडुजी कमी लागली. बाईंचं बोलणं म्हणजे खाली पडू न देता झेललेल्या चेंडूसारखं होतं. मास्तरांचं वाक्य संपायच्या आत त्यांचं उत्तर तयार असायचं.

त्या बोटीच्या डेकवर चार कान होते. केबिनमध्ये हवा खेळावी म्हणून डेकवर वाकड्या मानेचे, रुंद तोंडाचे भोंगे बसवतात, त्यांना आमच्याकडे कान म्हणतात. ते रबरासारखे मऊ असतात. दोर अडकला, कुणाचा पाय पडला, तर दबतात आणि पुन्हा उभे राहतात. बाहेरून पांढरे आणि आतून लाल. वाऱ्याकडे वळवले की हवा आत येते, पाठ करून ठेवले की आतला कोंदट वास बाहेर जातो. मास्तरांनी आधी पोरांचे कान पिळले आणि आता बोटीचे पिळतात, हा विनोद यार्डात जुना झाला होता, आणि तो मास्तर स्वतःच सर्वांत जास्त सांगायचे.

उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने ते कान पार उतरले होते. पांढऱ्याचं पिवळं झालेलं, हात लावला की बोटांना भुकटी, आतल्या लाल रंगाचे पोपडे. नवेच घ्या, असं मुकादमाने सुचवलं. मास्तर म्हणाले, या वयात मी माझे बदलले नाहीत, तर तिचे कशाला बदलू? मग ते काम दादाकडे आलं.

दादा त्या कामात असला की त्याला ऐकू येत नाही हे मलाही विसरायला व्हायचं. आधी कोमट साबणपाणी आणि दात घासायचा जुना ब्रश. मग फडक्याला थिनर, तोही पुसण्यापुरताच, कारण जास्त लागला की रबर चिकट होतं ते कायमचंच. मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून. मग रंग, आणि तो साधा ऑइलपेंट नव्हे. हवा भरायच्या रबरी होड्यांना लावतात तो लवचीक रंग. ऑइलपेंट लावला की कान पहिल्या दिवशी नवरीसारखा चमकतो आणि पहिल्यांदा दबला की अंड्याच्या कवचासारखा तडकतो. आतला लाल आधी द्यायचा. तो वाळला की काठाला टेप लावून बाहेरचा पांढरा, एकावर एक पातळ हात. शेवटी परीक्षा. वाळलेला कान मुठीत धरून पार चेपायचा आणि सोडून द्यायचा. एकही रेघ उमटली नाही तर पास. दादा चेपायचा तेव्हा मी तोंड फिरवायची. इतक्या मेहनतीचा गळा आवळलेला मला बघवत नसे.

आता बोळ्यांचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. कान थेट केबिनवर बसत नाही. खाली एक लाकडी पेटी असते. पेटीच्या एका टोकाला कान आणि दुसऱ्या टोकाला केबिनमध्ये उतरणारी नळी. लाट आली तर पाणी पेटीतच राहतं आणि बाजूच्या भोकातून गळून जातं, हवा तेवढी नळीतून खाली उतरते. रंगवायला कान काढून आणले की वरचं भोक उघडं पडतं. पाऊस, धूळ, पाखरं आत जाऊ नयेत म्हणून दादा पेटीत कोपरापर्यंत हात घालून त्या नळीत फडक्याचा घट्ट बोळा बसवायचा. वरून बघितलं तर तो दिसत नाही, आणि खाली केबिनच्या छताला जाळी असते, तिथूनही दिसत नाही. विसरायला अगदी सोयीचा. म्हणून दादाने प्रत्येक बोळ्याला लाल दोरीची लांब शेपूट शिवून घेतली होती, माझ्याकडूनच. ती पेटीतून बाहेर डेकवर लोळायची. काम झालं की बोळा काढून शेडच्या भिंतीवर त्याच्या खिळ्याला शेपटीने टांगायचा. खिळ्यावर बोळा दिसला म्हणजे बोटीला हवा आहे. इतकी वर्षं ही पद्धत एकदाही चुकली नव्हती.

मास्तर कान न्यायला आले त्या दिवशी गार भुरभुर लागली होती आणि शेडच्या पत्र्यावर तिचा एकसुरी आवाज चालला होता. एरवी कान दादाच नेऊन बसवायचा. पण त्या दिवशी मुकादमाने त्याला दुसऱ्या बोटीच्या कामाला जुंपलं होतं, आणि मास्तरांना घाई होती. बाईंबरोबर खालच्या खाडीपर्यंत जाऊन चार दिवस राहायचं ठरलं होतं. त्यात काय आहे, एक पीळ दिला की बसतो, मीच बसवीन, असं म्हणून त्यांनी कान टोपलीत भरले. दादाने प्रत्येक कान त्यांच्यासमोर चेपून दाखवला. मास्तर खूश झाले. टोपली घेऊन निघाले, आणि दारात, धक्क्याला लागलेल्या बोटीकडे बघत, पाठमोरेच म्हणाले, "काढलेत ना?"

दादा म्हणाला, "हो हो."

मी ते दोन्ही ऐकलं. मशीनवर शिडाची जाड शिवण चालली होती, पाय सोडवत नव्हता. काढले असतील, असं मनात म्हटलं आणि पुढे शिवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसाचा जोर वाढला होता आणि वारा बोचरा झाला होता. मुकादम क्रेनच्या पट्ट्यांना शिवण घालून हवी म्हणून आला होता. मला लाल दोरी हवी होती, म्हणून मी भिंतीपाशी गेले. मास्तरांच्या बोटीचे चारही खिळे रिकामे होते.

मी दादासमोर जाऊन उभी राहिले, त्याला माझा चेहरा दिसेल अशी, आणि बोळे कुठे आहेत म्हणून विचारलं. त्याने भिंतीकडे बघितलं. बोटीवर असतील, मास्तर परत आले की आणून देतील, असं म्हणाला. मग मी सांगितलं, काल त्यांनी दारातून विचारलं होतं ते. काढलेत ना, म्हणून. आणि तू हो म्हणालास.

"वाळलेत ना," दादा म्हणाला. "वाळलेत ना, असं विचारलं त्यांनी."

त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. रंगवलेली वस्तू न्यायला येणारा प्रत्येक माणूस जाताना हेच विचारतो, वाळलेत ना? वाळलेत आणि काढलेत. मी मनातल्या मनात दोन्ही शब्द म्हणून पाहिले. माणूस पाठमोरा, ओठांवर मिशी, वर पत्रा वाजतोय. फरक काय उरतो दोन्हींत?

मास्तरांच्या केबिनमध्ये कोळशाची लहानशी शेगडी होती. अशा पावसात ते दोघं दार लावून शेगडी पेटवून बसले असणार, हे तिथल्या तिघांनाही एकदमच कळलं. कोंडलेल्या जागेत कोळशाचा जो विषारी वायू साठतो त्याला वास नसतो. माणसाला वाटतं, जरा झोप येते आहे.

नंबर दादाच्या फोनमध्ये होता. त्याने फोन लावला, कानाशी दाबून धरला आणि डोळे मिटले. पलीकडे कुणीतरी उचलला. मी जवळच होते, मला मास्तरांचा आवाज आला, पण जड, ओढत ओढत येणारा. दादा ओरडला, मास्तर, बरे आहात ना? पलीकडून काहीतरी उत्तर आलं. आणि दादा म्हणाला, "हो हो."

इतक्या वर्षांची सवय ती, त्याही वेळी तोंडातून निघाली. ती त्याने स्वतः ऐकली असावी, कारण तो एकदम थांबला. फोन कानापासून काढून त्याने माझ्यापुढे धरला. मुकादम दोन हातांच्या अंतरावर उभा होता. दादाने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मला ऐकू येत नाही. तू बोल."

मी बोलले. मास्तर सांगत होते की हिला बोट लागली आहे, सकाळपासून उलट्या झाल्या, आता जरा डोळा लागलाय, माझंही डोकं जड आहे, पण शेगडीने बरं वाटतंय. मी म्हटलं, मास्तर, आधी दार उघडा, बोळे आत राहिलेत. त्यांनी विचारलं, कसले बोळे? ते तर काढलेत. अगदी वर्गातल्या आवाजात, जणू मीच चुकीचं उत्तर देत होते. तेव्हा मी किंचाळले, की बाईंना ओढून बाहेर काढा. काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. मग दाराच्या फळ्या सरकल्या, आणि फोनमध्ये वारा शिरला.

मुकादमाने यार्डाची लाँच काढली. दादा त्याच्याबरोबर गेला, अंगावर रंगाचा एप्रन तसाच. फोन माझ्या हातात चालूच राहिला. मी पट्ट्यांच्या ढिगावर बसून तो कानाला लावून होते. वारा ऐकू येत होता, शिडाची दोरी डोलकाठीवर आपटत होती, आणि मधूनच मास्तर म्हणत होते, अगं ऊठ ना, ऊठ ना गं. बाईंचं उत्तर येत नव्हतं. मला माझ्या भावाचा हेवा वाटला. मग फोन बंद पडला.

पुढचं मुकादमाने सांगितलं. मास्तर पावसात डेकवर बसले होते, बाईंचं डोकं मांडीवर घेऊन. बाईंचा श्वास चालू होता. त्यांना लाँचमध्ये घेईपर्यंत दादा सरळ पुढे गेला, एकामागून एक कान उपटले, पेट्यांत हात घालून चारही बोळे काढले. एक कान घाईत मुळापाशी फाटला. बोळे त्याने एप्रनच्या खिशात कोंबले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत खिशावरून हात काढला नाही.  

बाई वाचल्या. दोन दिवसांनी त्यांनी डोळे उघडले तेव्हा आम्हाला वाटलं, संपलं संकट. पण त्यांचे शब्द हरवायला लागले. वाक्य निघायचं आणि मधेच रस्ता चुकल्यासारखं थांबायचं. पाण्याच्या भांड्याकडे बघून त्यांना भांडं आठवायचं नाही. जिभेलाही जडपणा आला. डॉक्टर म्हणाले, मेंदूला बराच वेळ नीट हवा मिळाली नाही, काही परत येईल, काही येणार नाही. ज्या बाईचं उत्तर नवऱ्याच्या वाक्याच्या आधी तयार असायचं, तिच्या तोंडाकडे बघत आता मास्तर वाट पाहत बसायचे.

नेमकं झालं काय तेही कळलं. निघायच्या दिवशी सकाळी बाईंनी डेक धुतला. दोऱ्यांच्या शेपट्या पायांत येत होत्या, म्हणून त्यांनी त्या व्यवस्थित गुंडाळून पेट्यांत खोचल्या. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, तुटक तुटक, आणि रडल्या. मास्तर म्हणाले, चूक माझी, पेटीत हात घालून बघायला हवं होतं. सगळेच चूक आपल्याकडे ओढत होते. दादाला त्याचा काही उपयोग नव्हता. तो मला म्हणाला, "मास्तरांनी शिव्या घातल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या."

मुकादम आधी माझ्याकडे आला. तुला ठाऊक होतं का, असं विचारलं. मी हो म्हटलं. तो चिडला नाही, तेच वाईट. तुम्ही दोघांनी माझ्या हातून एक बहिरा माणूस क्रेनखाली उभा केलात, एवढंच म्हणाला.  त्या आठवड्यात दादाने खिडकीपाशचं टेबल रिकामं केलं. ब्रश फडक्यात गुंडाळले, डबे घट्ट लावले. भिंतीवरचे खिळे मात्र काढायला गेला आणि तसेच ठेवून आला.

मुकादम काही राक्षस नव्हता. लहानसहान काम माझ्याबरोबर घरी पाठवायला लागला. मागच्या खोलीत खिडकीखाली टेबल टाकलं. कानाचं मशीन आलं, आता न लावायला कारणच उरलं नव्हतं. पहिल्या दिवशी स्वतःच्या पाणी पिण्याच्या आवाजाने दचकला. वहिनीला म्हणाला, तू एवढी बोलतेस? वहिनी म्हणाली, लग्न झाल्यापासून बोलतेय. आम्ही तिघं हसलो, आणि मग तो मशीन काढून टेबलावर ठेवून देऊ लागला. त्यात सगळेच आवाज एका मापाने यायचे, म्हणाला, भांडी आणि माणसं सारखीच. यार्डात जायचा तो वेळ आता खिडकीत बसून काढायचा. "हो हो" म्हणणं त्याने सोडलं होतं. पण त्याच्या जागी दुसरं काही म्हणणंही सुरू केलं नव्हतं. वहिनी मला जिन्यात गाठून म्हणाली, तेव्हा ऐकू येत नव्हतं, पण बोलायचे तरी. मी तिच्यावरच ओरडले. दुसरं कुणावर ओरडायचं तेच कळत नव्हतं.

फाटलेला कान माझ्या पिशवीतूनच त्याच्याकडे आला. मास्तरांनी पाठवला होता. दादाने तो कपाटावर ठेवला आणि बरेच दिवस त्याकडे बघितलं नाही. एक दिवस कामावरून येताना मी त्याच्याकडे डोकावले, तर तो कान हातात होता. मुळापाशी आतून रबराचं ठिगळ बसवलं होतं, वरून भरण, आणि आतला लाल हात चालला होता. मी स्टूल ओढून घेतलं. बसले आणि बघत राहिले.

कान तयार झाल्याचा निरोप मी मास्तरांना दिला. मला वाटलं, कुणाला तरी पाठवतील. ते स्वतःच आले, आणि बाईंना घेऊन आले. वहिनीने दार उघडलं आणि क्षणभर ओळखलंच नाही. मास्तरांनी मिशा काढल्या होत्या. वरचा ओठ पांढराफटक, उघडाबोडका, आणि म्हातारा चेहरा एकदम कुणा दुसऱ्याचाच वाटणारा. का काढल्या ते त्यांनी सांगितलं नाही. खोलीत आले, दादासमोर खुर्ची ओढून घेतली, उजेड तोंडावर येईल असे बसले आणि सावकाश म्हणाले, कसे आहात? दादाने त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि मान खाली घातली.

बाई उभ्याच होत्या. टेबलावरचा कान त्यांनी उचलला, फिरवून बघितला, काठावरून बोट फिरवलं. मग मुठीत धरला आणि चेपला. चार बोटांत जेवढा जोर उरला होता तेवढ्याने चेपला. या वेळी मी तोंड फिरवलं नाही. त्यांनी मूठ सोडली. कान हळूहळू उभा राहिला. एकही रेघ नव्हती.

बाईंनी दादाकडे बघितलं. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मास्तर शब्द पुरवायला पुढे झुकले, तेव्हा दादाने हात वर करून त्यांना थांबवलं. टेबलावरचं मशीन घेतलं, कानाला लावलं आणि खुर्ची पुढे सरकवली. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि जड जिभेने तो शब्द बाहेर ढकलला. मी दोन पावलांवर होते, माझे कान धडधाकट आहेत, तरी काढलेत म्हणाल्या की वाळलेत म्हणाल्या, मलाही कळलं नाही. मास्तरांनाही कळलं नसावं. पण त्यांनी मान डोलावली, आणि वहिनीनेही डोलावली, आपण सगळे डोलावतो तशी.

दादाने मान डोलावली नाही.

"ऐकू आलं नाही, बाई," तो म्हणाला. "पुन्हा सांगा."

बाईंनी डोळे उघडले, त्याच्याकडे नीट बघितलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.